राखून ठेवलेला हात

रोकी सासाकीच्या शालेय कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला सामना तो खेळलाच नव्हता.

तारीख २५ जुलै २०१९. ठिकाण जपानच्या ईशान्य भागातल्या इवाते प्रांतातलं मोरिओका शहर. शालेय बेसबॉलच्या प्रांतीय स्पर्धेचा अंतिम सामना, आणि जिंकणारी शाळा थेट कोशिएनला जाणार. सासाकीची ओफुनातो ही साधी सरकारी शाळा तिथे शेवटची पोचली होती १९८४ साली. सासाकी तेव्हा सतरा वर्षांचा, सहा फूट तीन इंच उंच. एप्रिलमधल्या एका शिबिरात त्याचा चेंडू ताशी १६३ किलोमीटर वेगाचा भरला होता. जपानमधल्या कुठल्याही शाळकरी मुलाने तोवर एवढा वेगवान चेंडू टाकला नव्हता. असा मुलगा हाताशी असताना ओफुनातोने दुसराच पिचर उतरवला आणि सामना २–१२ असा गमावला. सासाकी पहिल्यापासून शेवटपर्यंत बाकावर होता. बॅटिंगलासुद्धा त्याला पाठवलं नाही.

त्याला काही दुखापत झालेली नव्हती. बत्तीस वर्षांचे प्रशिक्षक कोकुबो योहेइ यांनी सामना संपल्यावर पत्रकारांना सांगितलं की निर्णय त्यांचा होता. गेल्या तीन वर्षांत या मुलाचं शरीर मोडण्याचा धोका आज सर्वांत जास्त वाटला, म्हणून त्याला उतरवलं नाही. चारच दिवसांपूर्वी सासाकीने बारा इनिंग टाकल्या होत्या, १९४ चेंडू. त्या सामन्यात २१ जणांना बाद करून बाराव्या इनिंगमध्ये विजयी होम रनही त्यानेच मारली होती. आदल्या दिवशी उपांत्य सामन्यात त्याने आणखी १२९ चेंडू टाकले होते.

शाळेचे फोन खणखणू लागले. गावाचं पस्तीस वर्षांचं स्वप्न मोडलं म्हणून लोक शिव्या घालत होते. जपानी बेसबॉलमधले जुने दिग्गज इसाओ हारिमोतो यांनी टीव्हीवर कोकुबोंवर झोड उठवली. पोराला खेळवायलाच हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत खेळणारा जपानी पिचर यू दार्विश समाजमाध्यमांवर कोकुबोंच्या बाजूने उभा राहिला. काही आठवडे अख्ख्या देशात एकच वाद चालू होता, एका मुलाच्या उजव्या हातावर हक्क कुणाचा.

हा वाद एवढा का पेटला हे कळायचं तर कोशिएन म्हणजे काय ते माहीत हवं. कोबे शहराजवळचं हे मैदान १९२४ सालचं. दर उन्हाळ्यात, ऑगस्टच्या घाम काढणाऱ्या उकाड्यात, तिथे शाळांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. साडेतीन हजारांच्या आसपास शाळा प्रांतोप्रांती झुंजतात आणि त्यांतल्या पन्नासेक इथवर पोचतात. स्पर्धा बादफेरीची, एक पराभव झाला की घरी. एनएचके सगळे सामने दाखवतं, दुकानांतून, कचेऱ्यांतून टीव्ही चालू असतात. हरलेली मुलं मैदानातली काळी माती पिशवीत भरून नेतात. बहुतेकांच्या आयुष्यातला बेसबॉल तिथेच संपतो, म्हणून त्या मातीला भलतीच किंमत.

या स्पर्धेचे नायक हात झिजवूनच घडले. १९९८ मध्ये दाइसुके मात्सुझाकाने उपांत्यपूर्व फेरीत सतरा इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या इनिंगला पुन्हा उतरला, आणि अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही. आजही लोक त्याच्याविषयी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. २०१३ च्या वसंत स्पर्धेत तोमोहिरो आनराकू या सोळा वर्षांच्या मुलाने पाच सामन्यांत ७७२ चेंडू टाकले. ते पाहून अमेरिकेतले लोक हादरले. जपानमध्ये मात्र बहुतेकांनी कौतुकच केलं. २०१८ मध्ये कोसेइ योशिदा या शेतकी शाळेतल्या मुलाने एकाच कोशिएनमध्ये ८८१ चेंडू टाकले. ओफुनातोच्या त्या पराभवाआधी जेमतेम वर्षभरापूर्वीची ही गोष्ट. कोकुबो या सगळ्या परंपरेच्या विरोधात गेले होते, तेही घरच्या लोकांसमोर आणि अंतिम सामन्याच्या दिवशी.

आता त्या हाताकडे वळू. पिचर उभा असतो ती जागा आणि बॅटरसमोरची होम प्लेट यांच्यात १८.४४ मीटरचं अंतर. ताशी १६० किलोमीटरच्या चेंडूला ते कापायला सुमारे चार दशांश सेकंदच लागतात. एवढा वेग खांदा गरकन फिरण्यातून येतो, आणि त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला जबरदस्त ताण पडतो. तो ताण पेलायला तिथे बोटाहूनही बारीक असा एक अस्थिबंध असतो. आपल्याला सवय क्रिकेटची, म्हणून हे चटकन ध्यानात येत नाही. क्रिकेटच्या गोलंदाजाला कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, धावत येऊन तो अंगाचा झोका देतो आणि जास्त भार कंबरेवर येतो. बुमराहला पाठ त्रास देते, कोपर देत नाही. पिचर एका जागी उभा राहून वाकवलेला हात चाबकासारखा सोडतो, त्यामुळे त्याचं कोपर आणि खांदा आधी जातो.

हा अस्थिबंध तुटला की एके काळी कारकीर्द संपायची. १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या उजव्या मनगटाजवळचा स्नायुबंध काढून त्याच्या डाव्या कोपरात बसवला. यशाची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ त्या शस्त्रक्रियेनंतरचे. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि ती इतकी सर्रास झाली आहे की विशीतल्या पिचरच्या कोपरावरचा व्रण पाहून कुणी दचकतही नाही. मात्सुझाकालाही ती २०११ मध्ये करून घ्यावी लागली.

वाढत्या वयात आणखी एक घोळ असतो. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या अजून कच्च्या असतात आणि स्नायूंची ताकद त्यांच्या पुढे धावत असते. कोकुबोंनी सासाकीच्या हाडांची तपासणी करवून घेतली होती. १६० किलोमीटरचा वेग झेलायला हा सांगाडा अजून तयार नाही, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. म्हणजे २५ जुलैचा निर्णय त्या सकाळी अचानक सुचलेला नव्हता. कोकुबो त्सुकुबा विद्यापीठात क्रीडाशास्त्र शिकलेले आणि काही काळ अमेरिकेतल्या स्वतंत्र लीगमध्ये खेळून आलेले, त्यामुळे मोडलेले पिचर त्यांनी जवळून पाहिले असणार. माझ्या मते ते शंभर टक्के बरोबर होते. पण ते बरोबर होते हे सिद्ध करता येणं अशक्य आहे. त्या दिवशी सासाकी खेळला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

हा मुलगा ओफुनातोच्या शाळेत आला तरी कसा, याला एक जुनी आणि दुःखी पार्श्वभूमी आहे. तो मूळचा शेजारच्या रिकुझेंताकाताचा. ११ मार्च २०११ च्या दुपारी भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीने ते किनारी गाव जवळजवळ पुसून टाकलं. किनाऱ्यावरच्या पाइनच्या बनातला एकच वृक्ष उभा राहिला आणि त्याचीच छायाचित्रं पुढे जगभर गेली. सासाकी तेव्हा नऊ वर्षांचा. त्या लाटेत त्याचे वडील गेले, आजी-आजोबा गेले, घर गेलं. आईने तीन मुलांना घेऊन ओफुनातोत नव्याने बिऱ्हाड मांडलं.

पुढे त्याचा वेग पाहून बेसबॉलमधल्या नामवंत शाळांकडून बोलावणी आली. अशा शाळांत वसतिगृह, बंदिस्त सराव-मैदानं, दहा-दहा प्रशिक्षक असतात. जपानचा जगभर गाजलेला बेसबॉलपटू शोहेइ ओहतानी घडला ती हानामाकी हिगाशी ही अशीच एक शाळा, त्याच प्रांतातली, आणि त्या अंतिम सामन्यात ओफुनातोला हरवलं तेही तिनेच. सासाकीने सगळ्यांना नकार दिला आणि ज्या मुलांबरोबर तो लहानपणापासून खेळत होता त्यांच्यासोबत गावच्या शाळेत राहिला. म्हणून त्या पराभवाची बोच वेगळी होती. बाकावर बसवलेला मुलगा पैशांसाठी किंवा नावासाठी कोशिएनला निघालेला नव्हता, त्याला या मित्रांबरोबर जायचं होतं. ‘खेळायचं होतं’ एवढंच तो त्या दिवशी म्हणाला. कोचला त्याने कधी दोष दिला नाही.

वर्ष संपायच्या आत शालेय बेसबॉल महासंघाने नियम केला, एका पिचरने आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. तो लागू झाला २०२० पासून. आनराकूचे ७७२ आठवले तर हा आकडा उदार आहे, आणि चार दिवसांत ३२३ चेंडू टाकणारा मुलगाही त्यात आरामात बसतो. तरी शंभर वर्षांत पहिल्यांदाच मर्यादा आली हेही खरं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये व्यावसायिक संघांचा ड्राफ्ट झाला. जपानमध्ये एकाच खेळाडूवर अनेक संघांनी हक्क सांगितला तर चिठ्ठी टाकतात. सासाकीसाठी चार संघांनी हात पुढे केला आणि चिठ्ठी चिबा लोत्ते मरीन्सला लागली. लोत्ते म्हणजे च्युइंगम आणि चॉकलेटवाली कंपनी. जपानमध्ये संघ शहरापेक्षा कंपनीच्या नावाने जास्त ओळखले जातात, ही त्यांची एक गंमत.

लोत्तेने पुढे जे केलं ते कोकुबोंच्या निर्णयापेक्षाही धाडसाचं म्हणायला हवं. अख्ख्या २०२० मध्ये त्यांनी सासाकीला एकाही सामन्यात उतरवलं नाही, अगदी दुय्यम संघाच्या सामन्यातही नाही. तो मुख्य संघाबरोबर गावोगाव फिरला, जेवला, पळाला, चेंडू टाकण्याचा सराव केला, आणि सामना सुरू झाला की बाहेर बसला. ही योजना पिचिंग कोच मासातो योशिई यांची. योशिई स्वतः न्यूयॉर्क मेट्सकडून खेळलेले, आणि निवृत्तीनंतर चाळिशी उलटून गेल्यावर त्यांनी त्याच त्सुकुबा विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली होती. आधी शरीर, मग वेग, मग सामने, असा त्यांचा क्रम. वर्तमानपत्रांतून खवचट मजकूर यायला लागला. काचेच्या कपाटातली बाहुली कधी बाहेर काढणार, अशा सुरातला.

मे २०२१ मध्ये एकदाचं पदार्पण झालं. त्याच महिन्याच्या २७ तारखेला पहिला विजय मिळाला, हानशिन टायगर्सविरुद्ध, आणि हानशिनचं घरचं मैदान कोशिएन. इतकं जुळून आलेलं एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर संपादकाने काटलं असतं. सामना काही नेत्रदीपक नव्हता, पाच इनिंगमध्ये त्याने चार धावा दिल्या.

नेत्रदीपक दिवस आला तो १० एप्रिल २०२२ ला, रविवारी. चिबाचं मैदान तोक्यो उपसागराच्या काठावर, वाऱ्यासाठी बदनाम. समोर ओरिक्स बफेलोज, म्हणजे आदल्या हंगामातले लीगविजेते. सासाकीचं वय वीस वर्षं पाच महिने. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलेला कॅचर को मात्सुकावा तर अठरा वर्षांचा, नुकताच शाळेतून आलेला. कुठला चेंडू टाकायचा याची खूण कॅचर देतो, त्यामुळे त्या दिवशीची अर्धी बुद्धी या नवख्या पोराची होती.

सासाकीकडे मुख्य अस्त्रं दोनच. एक सरळ वेगवान चेंडू, आणि दुसरा फोर्कबॉल. फोर्कबॉल दोन बोटांच्या बेचक्यात खोलवर अडकवून सोडतात. हाताची गती तीच, पण बोटं चेंडूच्या मागे नसल्यामुळे तो फारसा गरगरत नाही आणि प्लेटजवळ येता येता खाली गळतो. सासाकीच्या फोर्कबॉलची फिरकी इतकी कमी असते की तो कधी डावीकडे तर कधी उजवीकडेही सरकतो. १६० किलोमीटरचा समजून बॅट फिरवावी, तर चेंडू गुडघ्याखाली आणि बराच हळू.

पहिल्या इनिंगमध्ये दोघे बाद झाले आणि मासाताका योशिदा आला. सहसा स्ट्राइक-आउट, म्हणजे चेंडू टोलवता न येताच बाद, न होणारा असा त्याचा लौकिक. तो बॅट हलवून परत गेला. दुसऱ्या इनिंगमध्ये तिघे, तिसऱ्यात तिघे, चौथ्यात तिघे, पाचव्यात तिघे, सगळे स्ट्राइक-आउट. सलग तेरा. जपानमधला जुना विक्रम नऊचा होता आणि अमेरिकेतल्या मेजर लीगचा दहाचा. मात्सुकावाच्या हातमोज्यावर चेंडू आदळल्याचा आवाज तेवढा येत होता, बॅटला तो लागतच नव्हता. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाल्यावर ओरिक्सने युतारो सुगिमोतोला पाठवलं. आदल्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक होम रन त्याच्या होत्या. तोही फोर्कबॉलवर गेला, एकोणिसावा स्ट्राइक-आउट. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस परतले, एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवता आला नाही. याला परफेक्ट गेम म्हणतात आणि जपानमध्ये असा सामना अठ्ठावीस वर्षांत झाला नव्हता. सासाकीने एकूण चेंडू टाकले १०५.

मला मात्र त्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या रविवारचा सामना. १७ एप्रिल, निप्पॉन हॅमविरुद्ध. आठ इनिंग झाल्या, चोवीस बॅटर आले आणि पुन्हा एकही बेसवर गेला नाही. लागोपाठ दोन परफेक्ट गेम जगात कुणीही टाकलेले नाहीत. सामना ०–० असा अडकलेला, प्रेक्षक उभे, आणि नवव्या इनिंगला लोत्तेने पिचर बदलला. सासाकीचे १०२ चेंडू झाले होते. व्यवस्थापक तादाहितो इगुची यांच्या मते तो थकला होता. दहाव्या इनिंगमध्ये निप्पॉन हॅमने एक होम रन मारली आणि लोत्ते ०–१ ने हरलं. मोरिओकातला निर्णय एका शालेय कोचने घेतला होता. हा एका व्यावसायिक क्लबने घेतला, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर. एव्हाना राखणं हे धोरण झालं होतं.

पुढच्या वर्षी वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये जपानने त्याला चेक प्रजासत्ताकाविरुद्ध उतरवलं. तारीख होती ११ मार्च, त्सुनामीला बरोबर बारा वर्षं झालेली. चेक संघातले बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळणारे. सासाकीचा १६२ किलोमीटरचा एक चेंडू विली एस्कालाच्या गुडघ्यावर बसला. तो कोसळला, विव्हळला, मग उठून लंगडत पहिल्या बेसवर गेला आणि ठीक आहे हे दाखवायला मैदानात एक दौडही मारून आला. तोक्यो डोमने त्याला टाळ्यांनी डोक्यावर घेतलं. दोन दिवसांनी सासाकी चेक संघाच्या हॉटेलात गेला, दोन्ही हातांत पिशव्या, आणि पिशव्यांत काठोकाठ भरलेला लोत्तेचा खाऊ. दोघांचा तो फोटो जपानमध्ये अजून फिरतो. एरवी सासाकी फारसा बोलत नाही, मुलाखतीत दोन वाक्यांवर तिसरं येत नाही, त्यामुळे लोकांना तो कळला तो त्या पिशव्यांमधून.

त्या वसंतात त्याचा चेंडू १६५ किलोमीटरपर्यंत गेला. मग जुलैमध्ये पोटाच्या बाजूचा स्नायू फाटला आणि हंगाम अर्ध्यावर आला. २०२४ मध्ये दहा सामने जिंकले, पण खांद्याची तक्रार सुरू झाली आणि वेग दोन-तीन किलोमीटरने उतरला. लोत्तेकडच्या चार हंगामांची गोळाबेरीज घेतली तर २९ विजय, १५ पराभव, नऊ इनिंगमागे सरासरी दोनच्या किंचित वर धावा आणि पाचशेवर स्ट्राइक-आउट. दर इनिंगचा हिशेब केला तर असा पिचर जपानने क्वचितच पाहिला. पण इनिंग किती? सर्वांत जास्त २०२२ मध्ये, १२९. लीगच्या सरासरीच्या यादीत नाव यायला १४३ इनिंग लागतात, आणि तिथे तो एकदाही पोचला नाही.

या टप्प्यावर त्याने अमेरिकेला जायचं ठरवलं आणि जपानमधले बरेच चाहते बिथरले. तिथला नियम असा, की परदेशी खेळाडू पंचवीस वर्षांखालचा असेल तर त्याला हौशी समजायचं आणि ठरावीक छोट्या निधीतूनच पैसे द्यायचे. ओरिक्सच्या योशिनोबू यामामोतोने पंचवीस पूर्ण होईपर्यंत थांबून डॉजर्सबरोबर बारा वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलरचा करार केला होता. सासाकी दोन वर्षं थांबायला तयार नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये त्याच डॉजर्सबरोबर त्याने सही केली, ६५ लाख डॉलरवर. लोत्तेच्या वाट्याला हस्तांतरणापोटी आले सोळा लाखांच्या आसपास, तर ओरिक्सला यामामोतोबद्दल पाच कोटी मिळाले होते. पाच वर्षं जपून वाढवलेलं झाड फळ धरताना शेजाऱ्याने नेलं, ही लोत्तेच्या चाहत्यांची तक्रार मला तरी रास्त वाटते. दुसरी बाजू अशी, की ज्याचं सगळं बालपण एका दुपारी वाहून गेलं त्याला दोन वर्षांनंतरच्या पैशांवर भरवसा ठेवायला कुणी कसं सांगावं? त्याने स्वतः हे कारण दिलेलं नाही, हा माझा तर्क आहे.

सही करण्याआधी त्याच्या बाजूने क्लबांना एक गृहपाठ दिला गेला. माझा वेग २०२४ मध्ये कमी का झाला आणि तो परत कसा आणाल, ते मांडून दाखवा. तेवीस वर्षांच्या पिचरने मोठमोठ्या क्लबांच्या तज्ज्ञांची परीक्षा घ्यावी, हे मला फार आवडलं. त्याला पडणारा प्रश्नही त्यातून दिसतो. हात राखायचा कसा हे त्याला सगळ्यांनी शिकवलं होतं, आता तो पूर्ण ताकदीने चालवायचा कसा हे तो विचारत होता.

पहिलं वर्ष खडतर गेलं. १९ मार्च २०२५ ला तोक्योतच शिकागो कब्जविरुद्ध पदार्पण झालं, तीन इनिंग आणि पाच वॉक. वॉक म्हणजे चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकून बॅटरला फुकट बेस देणं. जपानी बॅटर ज्या फोर्कबॉलवर बॅट फिरवायचे तो अमेरिकन बॅटर सोडून द्यायला लागले, आणि तिसरं भरवशाचं अस्त्र त्याच्याकडे नव्हतं. आठ सामने झाले, विजय एक, आणि मे महिन्यात खांद्याने पुन्हा दगा दिला. चार महिने तो बाहेर होता. या काळात डॉजर्सचे पिचिंग कोच होते मार्क प्रायर. याच प्रायरने २००३ मध्ये बावीस वर्षांचा असताना कब्जसाठी १८ सामने जिंकले होते, २४५ स्ट्राइक-आउट घेतले होते आणि इनिंगवर इनिंग टाकल्या होत्या. तीन वर्षांत खांदा गेला आणि मेजर लीगमधला त्याचा शेवटचा सामना झाला तो पंचवीस वर्षांचा असताना. सासाकीच्या खांद्याविषयी बोलायला याहून अधिकारी माणूस कुठून आणणार?

सप्टेंबरमध्ये क्लबच्या माणसांनी त्याच्याबरोबर बसून पायांची हालचाल तपासली. अंगाचा भार योग्य वेळी पुढे येत नव्हता. ते दुरुस्त झाल्यावर वेग परत १६० च्या वर गेला. सुरुवातीचा पिचर म्हणून लांबलचक सामने टाकायला आता वेळ उरला नव्हता, म्हणून डॉजर्सने त्याला बुलपेनमध्ये पाठवलं. बुलपेनमधून येणारा पिचर सामना संपत आला असताना उतरतो आणि एखादी इनिंग टाकून मोकळा होतो. हे काम सासाकीला नवीनच होतं. फिलाडेल्फियाविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेत त्याने व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला सेव्ह, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याची नोंद, मिळवला. मग ९ ऑक्टोबरला चौथ्या सामन्यात आठवी, नववी आणि दहावी इनिंग टाकली. नऊ बॅटर, नऊ बाद. डॉजर्सने तो सामना अकराव्या इनिंगमध्ये जिंकून मालिका खिशात घातली. त्या महिन्यात नऊ सामन्यांत त्याच्यावर धावेची नोंद झाली ती फक्त एक.

वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, शेवटाकडे मात्र नीट पाहायला हवं. टोरोंटोत ३१ ऑक्टोबरला सहाव्या सामन्याची सुरुवात यामामोतोने केली आणि ९६ चेंडू टाकले. आठव्या इनिंगला सासाकी आला. नवव्यात दोन धावपटू बेसवर गेल्यावर त्याला काढलं आणि दुसऱ्या पिचरने सामना वाचवला. दुसऱ्याच दिवशी सातवा सामना. नवव्या इनिंगमध्ये, सामना बरोबरीत असताना, व्यवस्थापकांनी हाक मारली ती पुन्हा यामामोतोला. विश्रांती शून्य दिवस. त्याने आणखी ३४ चेंडू टाकून अकराव्या इनिंगमध्ये विजेतेपद आणलं. सासाकी त्या दिवशी बुलपेनमध्येच होता.

यामामोतोची उंची पाच फूट दहा इंच. शाळेत असताना त्याच्यासाठी चिठ्ठी काढायची वेळ आली नव्हती, ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत ओरिक्सने त्याला उचललं. सासाकीने ज्या वर्षी १२९ इनिंग टाकल्या, त्याच वर्षी यामामोतोने १९३ टाकल्या, त्याच्या आदल्या वर्षीही तितक्याच. वजनं उचलण्याऐवजी तो भाल्यासारखी काठी फेकून सराव करतो. त्याला कुणी काचेच्या कपाटात ठेवलं नाही. आणि तरीही त्याचा हात शाबूत आहे, हे राखणदारांच्या विरोधातलं सर्वांत भक्कम उदाहरण म्हणून दाखवलं जातं. मला ते पटत नाही. यामामोतो सतरा वर्षांचा असताना १६३ टाकत नव्हता. त्याचा वेग शरीराबरोबर वाढला. सासाकीचा वेग शरीराच्या कितीतरी आधी आला, त्यामुळे दोघांना एकच माप लावता येत नाही. शाळेत सासाकीला थांबवणं योग्यच होतं. लोत्तेचं पहिलं वर्षही योग्य. पुढची दोन-तीन वर्षं मात्र, वीस ते बावीसच्या वयात, दमलेल्या अंगाने सातवी-आठवी इनिंग कशी काढायची आणि दोन अस्त्रं चालेनाशी झाली की तिसरं कुठून आणायचं, हे सामन्यातच शिकायचं असतं, आणि त्याला ते फार थोडं शिकू दिलं गेलं. तोक्योतल्या त्या पाच वॉकमध्ये हे दिसतं.

३ नोव्हेंबर २०२५ ला, सातव्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी, तो चोवीस वर्षांचा झाला. बुलपेनमध्ये त्याची गादी तयार होती आणि अनेकांनी त्याला तिथेच ठेवायचा सल्ला दिला. एक इनिंग, पंधरा-वीस चेंडू, पूर्ण ताकद, पुन्हा विश्रांती. हाताला जपणारं यापेक्षा सोयीचं काम नाही. डॉजर्सने मात्र हंगाम संपल्यावर सांगितलं की २०२६ साठी त्याला पुन्हा सुरुवातीचा पिचर म्हणूनच तयार करायचं आहे. म्हणजे पाच-सहा दिवसांनी एकदा नव्वद-शंभर चेंडू, सहा महिने, आणि जमलं तर दीडशेहून जास्त इनिंग. एवढा पल्ला त्याने आजवर एकाही वर्षी गाठलेला नाही. त्यासाठी आधी त्याला तिसरा चेंडू बसवावा लागेल.